पडणारच आहेत ना!

मराठी घरात मामाला मान फार, असं म्हणतात. पण ज्यांच्या ज्यांच्यामागे मामा लावलाय ती मंडळी पाहिली की या मानाबद्दल शंका यायला लागते. चंद्र मामा, उंदीर मामा, चौकात शिट्टी फुंकणारा हवालदार मामा, आणि पुराणात शिरावं तर कंस आणि शकुनी. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण बहिणीच्या पोराला पहिला दात वर येतो की खाली, यावरही मामाचंच बरंवाईट ठरतं. खालचा आधी आला तर ठीक. वरचा आधी आला तर मामाला जड. काकाला नाही, आत्याला नाही, खुद्द बापालाही नाही. फक्त मामाला.

माझ्या भाचीला, चिऊला, सहावा महिना लागला तसे माझे ताईला फोन वाढले. ताईला वाटलं, भाचीची ओढ. मी पाऊस, पाणी, आईची गुडघेदुखी वगैरे बोलून झालं की हळूच विचारायचो, "काही दिसतंय का गं? खालच्या बाजूला?" या बाबतीत निसर्ग मामांच्या बाजूने आहे हे मला पुढे कळलं. बहुतेक बाळांना सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान आधी खालचे मधले पटाशीचे दात येतात आणि वरचे त्यांच्या मागून. क्रम उलटा झाला तरी बाळाचं काही बिघडत नाही. मामाचं बिघडू नये म्हणून आमच्याकडे उतारा आहे. मामाने भाचीसाठी चांदीची वाटी न्यायची. जीव वाचतो, खिसा वाचत नाही.

चिऊचा पहिला दात खालीच आला. तो दिसायच्या आधी ऐकू आला. ताईच्या सासूबाई नाचणीचं सत्त्व भरवत होत्या आणि चमचा आत 'टक्' वाजला. सासूबाईंनी पुन्हा वाजवून पाहिला, मग ताईने वाजवला, मग पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी हात धुऊन येऊन वाजवला. दाजींनी तो 'टक्' मोबाइलवर रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकला. त्यावर हात जोडलेली चित्रं आली, केक आले, आणि एका दूरच्या काकांची 'भावपूर्ण श्रद्धांजली'ही आली. ते काका न वाचता उत्तर देतात.

खरं तर तो दात तिथे केव्हापासून बसून होता. दुधाच्या दातांची पायाभरणी आईच्या पोटात, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. बाळ जन्मतं तेव्हा पुढच्या दातांचे माथे हिरडीखाली बहुतेक तयारच असतात. जन्माच्या वेळी शरीराला जो धक्का बसतो, त्याची एक बारीक रेघसुद्धा या दातांच्या इनॅमलमध्ये उमटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. म्हणजे जन्माचा दाखला ज्याच्या त्याच्या तोंडातच असतो. फक्त तो सादर करायचा तर दात द्यावा लागतो.

दात यायला लागले की घरातल्या यच्चयावत तक्रारींचं खापर त्यांच्यावर फुटतं. ताप आला, दात येताहेत. पातळ शी झाली, दात येताहेत. कान ओढते, रात्रभर किरकिर करते, पाहुण्यांकडे जात नाही, दात येताहेत. पाहुणेही समजूतदारपणे मान हलवतात. सतराव्या शतकात लंडनमध्ये मृत्यूच्या कारणांची जी यादी छापत, तिच्यात प्लेगच्या बरोबरीने 'दात' हेही एक कारण असायचं. वास्तविक दात येताना लाळेरं भिजतं, हिरड्या शिवशिवतात, पोर चिडचिडं होतं, आणि फार तर अंग कोमट लागतं. खणखणीत ताप आणि जुलाब यांचा उगम वेगळा. आईकडून मिळालेली रोगप्रतिकाराची शिदोरी साधारण सहाव्या महिन्यापासून संपत येते आणि नेमक्या त्याच सुमाराला बाळ चप्पल, रिमोट, आजोबांचा चष्मा, जे हाताला लागेल ते तोंडात घालायला लागतं. दात बिचारा त्या वेळी तिथे हजर असतो, एवढाच त्याचा गुन्हा.

शिवशिवणाऱ्या हिरड्यांसाठी सासूबाईंनी खारीक काढली. ताईने ती घशात अडकेल म्हणून काढून घेतली आणि फ्रिजमध्ये गार केलेला ओला फडका दिला. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला पोतेरं चघळायला देतेस?" दोन्ही पक्षांचं ऐकून मी तटस्थ राहिलो. पण खारकेला मागासलेली म्हणून हसणाऱ्यांना एक सांगायला हवं. सुधारलेल्या इंग्लंडात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दात येणाऱ्या बाळांना जी पूड देत, तिच्यात पारा असे. पोरांचे हातपाय गुलाबी पडून सोलायला लागले, कारण सापडायला काही दशकं गेली, आणि मग ती पूड बाजारातून गेली. खारकेने इतकं कधी केलं नाही.

अडीच-तीन वर्षांपर्यंत चिऊचे वीसच्या वीस दात आले आणि घरात एक वाक्य राहायला आलं. 'पडणारच आहेत ना!' हे वाक्य दाजींचं. पुढे ते सासूबाईंनी उचललं, शेजारच्या काकूंनी उचललं, आणि एकदा तर भाजीवाल्याने चिऊच्या हातात उसाचं कांडं देताना तेच ऐकवलं. रात्री ब्रश राहिला? पडणारच आहेत ना. दुधाची बाटली तोंडात धरून झोपली? पडणारच आहेत ना. आपल्याकडे जे पडणार असं ठरलेलं असतं त्याची डागडुजी करायची नाही हा रिवाजच आहे. पूल असो नाहीतर दाढ.

ताईने मात्र दातांच्या डॉक्टरीणबाई शोधून काढल्या होत्या. पहिल्या वाढदिवसाच्या आत बाळाचे दात एकदा दाखवून घ्यावेत असं या क्षेत्रातले लोक सांगतात. ताई चिऊला घेऊन गेली तेव्हा मोजून चार दात होते. "चार दातांना डॉक्टर!" म्हणून दाजी आठवडाभर हसत होते. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, शांत आवाजाच्या. पुढे एकदा दाजींनी त्यांच्यासमोर आपलं वाक्य ठेवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीय कधी?"

"धरलीय की. सातारा स्टँडवर."

"दुधाचा दात म्हणजे तो रुमाल. समोरचे सहा-सात वर्षांनी पडतात, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या किडून आधीच गेल्या, तर बाजूचे सरकून जागा बळकावतात. मग ज्याची सीट होती तो खालून येतो आणि वाट दिसेल तिथे उभा राहतो. तुम्हाला पुढे तारा लावायला माझ्याच एखाद्या सहकाऱ्याकडे जावं लागतं."

दाजी ऐकून गप्प बसले, पण त्यांचं मत बदललं असं म्हणता येणार नाही.

खरा आखाडा ब्रशचा. तीन वर्षांच्या आत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पुण्यात, आणि तेही मावळातून तांदूळ येणाऱ्या घरात, हे वाक्य मोघम ठेवणं धोक्याचं होतं. "कुठला तांदूळ?" सासूबाईंनी विचारलं. आंबेमोहोराचा दाणा आखूड, इंद्रायणीचा त्याहून जरा बरा, बासमतीचा बोटभर. आणि कच्चा धरायचा की शिजलेला? शिजलेला बासमती धरला तर जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नागमोडी पेस्ट सहज बसते, असा मुद्दा दाजींनी मांडला. पुढे वाटाण्याची वेळ आली तेव्हा ओला मटार की उसळीचा पांढरा वाटाणा यावर पुन्हा एक बैठक झाली. भिजलेला वाटाणा धरायचा नाही, एवढ्यावर एकमत झालं.

या कंजुषीमागे कारण आहे. लहान पोर पेस्ट थुंकत नाही, गिळतं, आणि पेस्टवाल्यांनी तिला स्ट्रॉबेरीची चव देऊन गिळायला आणखी प्रोत्साहन दिलेलं असतं. फ्लोराइड थोडं, दाताच्या बाहेरून लागलं तर इनॅमल मजबूत होतं. वर्षानुवर्षं पोटात जास्त गेलं तर हिरडीखाली घडत असलेल्या पक्क्या दातांवर डाग येतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत हे पेस्टशिवायच झालेलं आहे, कारण तिथल्या जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जादा. तेव्हा तांदळाचा दाणा हा उगाच नाही. फक्त जात सांगायला हवी होती.

चिऊचे दात घासणं हे एका माणसाचं काम नव्हतं. घासणाऱ्याने मागे बसायचं, पोरीचं डोकं मांडीवर घ्यायचं, वरून बघत घासायचं, हे शास्त्र. प्रत्यक्षात एक जण मागे, एक जण पाय धरायला, आणि एक जण समोर नाचायला, असे तिघे लागत. पाहुणा म्हणून गेलो की नाच माझ्याकडे. त्यात मुलांच्या बोटांत हे कसब सात-आठ वर्षांपर्यंत येत नाही, तोवर मोठ्यांनीच घासून द्यायचं, असाही नियम. 'मी माझं माझं करते' म्हणणारी चिऊ ब्रश नुसता चावायची, तेही एकाच बाजूने. नव्या ब्रशवरची राजकन्या चार दिवसांत टकली झाली. ओठ मिटून बसली की ताईच्या दाताच्या कण्या व्हायच्या, पण चिऊचा दात दिसायचा नाही.

यावर दाजींनी एक युक्ती काढली आणि ती काही काळ इतकी चालली की त्यांचा सोसायटीत गौरव व्हायचा राहिला. प्रत्येक दातात एक प्राणी राहतो. समोर माकड, सुळ्यात वाघ, दाढेत हत्ती. ब्रश घेऊन एकेकाला हाकलायचं. चिऊ आ करून "आता वाघ, आता वाघ" म्हणायला लागली. घोटाळा झाला तो सशाचा. ससा खालच्या डाव्या दाढेत राहायचा. एका रात्री चिऊ म्हणाली, "सशाला नका ना हाकलू. बाहेर थंडी आहे." दाजी हळवे माणूस. त्यांनी ससा ठेवला. दुसऱ्या दिवशीही ठेवला. पुढे त्या दाढेवरून ब्रश फिरेनासाच झाला.

दुसरा अडथळा सासूबाईंच्या कवळीचा. सासूबाई रात्री कवळी काढून नळाखाली खसखस घासत आणि पाण्याच्या वाटीत ठेवत. चिऊने हे पाहिलं आणि तिला आपल्यावर होत असलेल्या अन्यायाची जाणीव झाली. आजीचे दात बाहेर काढून घासतात, तिला कुणी मांडीवर आडवं पाडत नाही, तिच्यासमोर कुणी मामा नाचत नाही. "माझे पण काढा," ती म्हणाली. सासूबाईंना विचारलं तर त्या मात्र आपल्या काळाचा अभिमान सोडायला तयार नव्हत्या. "आम्ही कुठे ब्रश केले? राखुंडी, नाहीतर माकडछाप काळी पूड. तर्जनी घालायची आणि घासायचं. काही झालं नाही." हे त्या कवळी वाटीत असताना बोलत होत्या, त्यामुळे 'काही झालं नाही' यातलं निम्मं आम्हाला अंदाजाने समजून घ्यावं लागलं.

आता खाण्याचं. चिऊच्या दाताला कीड लागली तर ती मामाच्या चॉकलेटमुळे लागणार, हा निकाल आधीच लागून राहिलेला होता. मी कधीतरी महिन्यातून एकदा एक चॉकलेट घेऊन येणारा माणूस. ते तिच्या हातात पडायच्या आत चार जणांच्या नजरा माझ्यावर. आणि तीच चार माणसं दिवसभर तिला काय देत होती? सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट. मग शाळेच्या गाडीत गप्प बसावं म्हणून एक बिस्कीट. दुपारी मनुका, पौष्टिक म्हणून. संध्याकाळी राजगिऱ्याची चिक्की, तीही पौष्टिक. रात्री साखर घातलेलं दूध, झोप यावी म्हणून. तोंडातले जंतू साखरेवर किंवा पिठावर बसले की आम्ल तयार करतात, इनॅमल विरघळायला लागतं, आणि लाळेला ते पूर्ववत करायला अर्धा तास तरी लागतो. दुधाच्या दाताचं इनॅमल पक्क्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचं. दर तासाला काहीतरी चघळलं तर लाळेने काम करायचं केव्हा? रात्री लाळही कमी सुटते, म्हणून झोपतानाचं ते गोड दूध सगळ्यात वाईट. समोरचे वरचे दात तपकिरी पडलेली आणि खालचे मात्र शाबूत असलेली मुलं आपण पाहतो ती याचीच. खालच्या दातांवर जीभ पांघरूण घालून असते.

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं, हे स्वीडनमध्ये फार निर्दयपणे सिद्ध झालं. १९४० च्या दशकात लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म इथल्या मतिमंदांच्या संस्थेत, रुग्णांना न विचारता, त्यांना चिकट टॉफ्या खायला घालून दात किडतात कसे ते पाहिलं. दात किडले. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे थोडे, अधूनमधून चिकट टॉफी चघळणाऱ्यांचे फार. ज्यांचे दात गेले त्यांना यातून काय मिळालं, हे विचारायची सोय तिथे नव्हती. बाकी देशाला मिळाली ती शनिवारची पद्धत. पोरांनी आठवडाभर गोळ्या खायच्या नाहीत, शनिवारी एकदाच काय ते खायचं.

मी ही पद्धत ताईकडे मांडली. मामावरचा आळ पुसायला याहून चांगला पुरावा नव्हता. सगळ्यांना पटलीही. पण स्वीडनमध्ये देव आठवडाभर घरी येत नाहीत. आपल्याकडे मंगळवारी गणपतीचा मोदक. गुरुवारी दत्ताचे पेढे. शुक्रवारी देवीचे गूळ-फुटाणे. रविवारी कुणाकडे तरी सत्यनारायण, म्हणजे शिरा. सोमवार-बुधवारी वर्गात कुणाचा तरी वाढदिवस, आणि वर्गात चाळीस मुलं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. उरला शनिवार. शनिवार मारुतीचा. त्याला तेल, शेंदूर आणि रुईची माळ. सगळ्या आठवड्यात गोडाचं नाव न काढणारा एकच देव, आणि आम्ही गोडासाठी नेमका त्याचा वार धरला. चिऊने पहिल्या शनिवारी आपला हक्काचा खाऊ मागितला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आज उपास आहे."

आणि संक्रांत! दंतवैद्यकाचं पुस्तक न वाचलेल्या कुणी आपलं बोरनहाण योजलं असावं. बाळ एक ते पाच वर्षांचं असताना, म्हणजे तोंडात फक्त आणि फक्त दुधाचे दात असताना, त्याला काळं झबलं घालायचं, साखरेच्या हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचं, आणि बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, रेवड्या, हल्ली चॉकलेटं, हे सगळं डोक्यावरून ओतायचं. आजूबाजूची पोरं ते लुटायला तुटून पडतात. मधे बसलेलं बाळ गळ्यातला हार चाटत असतं. फोटो फार छान येतात. चिऊच्या बोरनहाणाला डॉक्टरीणबाईंनाही बोलावलं होतं. त्या आल्या, त्यांनी मूठभर बोरं तेवढी ओतली आणि हसत हसत सगळ्यांच्या पोरांच्या तोंडांकडे बघत उभ्या राहिल्या.

चार वर्षांची असताना चिऊ एका रात्री दाढ धरून रडायला लागली. खालची डावी. दाजी एकदम गप्प झाले. दवाखान्यात मीही गेलो, कारण आरोप झाले असते तर उत्तर द्यायला कुणीतरी हवं.

मुलांच्या दातांचा दवाखाना ही आमच्या लहानपणी नसलेली गोष्ट. छताला टीव्ही, त्यावर कार्टून, खुर्चीच्या हातावर माकड. तिथली भाषा वेगळी. इंजेक्शनला इंजेक्शन म्हणायचं नाही, दाढेला झोपवायचं म्हणायचं. लाळ ओढणारी नळी म्हणजे तहानलेला पाइप. ड्रिल म्हणजे शॉवर. आधी सांगायचं, मग बोटावर चालवून दाखवायचं, मग तोंडात करायचं. डॉक्टरीणबाईंनी शॉवर आधी चिऊच्या नखावर चालवला, मग बाहुलीच्या दातावर, मग चिऊच्या आग्रहावरून दाजींच्या नखावर. दाजी दचकले. चिऊ दचकली नाही.

"कुठे दुखतं?"

"सशाच्या घरात," चिऊ म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं. हत्ती, वाघ, थंडी, आणि बाबांनी सशाला राहू दिलं ते. डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं. "सशाने बीळ बरंच खोल खणलंय," त्या म्हणाल्या. ताईने दाजींकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं, तिथे कार्टून चांगलं चाललं होतं.

कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचलेली. दुधाच्या दाढेचं रूट कॅनॉल आणि वर स्टीलची टोपी. खर्चाचा आकडा ऐकून दाजींच्या तोंडातून ते वाक्य निघालंच, अगदी बारीक आवाजात. "पण पडणारच आहे ना?"

"आणखी सहा-सात वर्षांनी. टोपीसकट पडेल."

"एवढा महाग रुमाल?"

"खिडकीची सीट आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो किडीचा. "निघाली का? किती लांब होती?" त्यांच्या लहानपणी जत्रेत दातांतली, कानांतली कीड काढून देणाऱ्या बाया येत. कसली तरी धुरी द्यायच्या, नळी लावायच्या आणि पानावर चांगली वळवळणारी अळी काढून दाखवायच्या. अळी त्यांच्याकडेच असायची, हा भाग वेगळा. दाताच्या किड्यावर जगाने हजारो वर्षं विश्वास ठेवला, बाबिलोनपासून. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात लिहिलं की त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, किडा कुठेच दिसला नाही. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला कुणी दाखवला नसेल."

चिऊची चांदीची दाढ मात्र शाळेत फार गाजली. ती मागेल त्याला आ करून दाखवायची. आत ससा आहे आणि आता त्याला लोखंडी दार आहे, असं सांगायची. वर्गातल्या दोघांनी घरी जाऊन तशीच दाढ मागितल्याची तक्रार ताईच्या कानावर आली.

मग पहिलीचं वर्ष आलं आणि हवाच पालटली. आतापर्यंत दात टिकवायची घाई होती, आता पाडायची. पहिलीत कुणाचे किती पडले यावर माणसाची पत ठरते. चिऊचा खालचा मधला हलायला लागला तेव्हा ती दिवसभर जिभेने त्याला ढोसत बसायची. जेवायला नको, अभ्यासाला नको, हलतोय. मध्येच तिच्या दातामागे दुसरा दात डोकावला, एकापाठी एक दोन रांगा. ताई घाबरली. डॉक्टरीणबाईंनी फोनवरच सांगितलं की खालच्या पुढच्या दातांत हे नेहमी होतं, जुना पडला की जीभ नव्याला पुढे ढकलते. नवा आला तो करवतीसारख्या कडेचा आणि जुन्याच्या मानाने पिवळट. "घासत नाही म्हणून!" सासूबाई म्हणाल्या. ते तसं नसतं, पक्का दात दुधाच्या दाताहून पिवळाच दिसतो. पण या वाक्यामुळे चिऊ पुढचे कितीतरी दिवस आपण होऊन ब्रश करत होती, म्हणून आम्ही कुणी खुलासा केला नाही.

पडलेल्या दाताचं करायचं काय, यावर घरात उभे दोन तट पडले. चिऊच्या मैत्रिणीकडे परी येते. उशीखालचा दात घेते आणि शंभराची नोट ठेवते. सासूबाईंच्या मते दात शेणाच्या गोळीत घालून कौलांवर टाकायचा, नाहीतर उंदराच्या बिळात, म्हणजे उंदरासारखा पक्का दात येतो. सौदा म्हणून उंदीर वाईट नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. पण सोसायटीत कौलं नाहीत. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, आणि त्यांनी कारण विचारलं तर सांगणार काय? शेण मिळालं असतं, पण ऑनलाइन, आणि ते गोवऱ्यांच्या रूपात, बाराच्या पॅकमध्ये. उंदीर नाहीत, दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोल होतं. परी इंग्रजी माध्यमाची म्हणून सासूबाईंना अमान्य.

मी तडजोड सुचवली. उंदीर फक्त आपल्याकडेच दात घेतो असं नाही. स्पेनमध्येही परी नाही, उंदीरच येतो. १८९४ साली तिथल्या राजघराण्याने आठ वर्षांच्या राजाचा, तेराव्या अल्फोन्सोचा, दात पडला म्हणून लुइस कोलोमा या पाद्र्याकडून गोष्ट लिहून घेतली. त्या गोष्टीतला पेरेझ नावाचा उंदीर माद्रिदमधल्या अरेनाल रस्त्यावर, मिठाईच्या दुकानात, बिस्किटांच्या डब्यात राहतो आणि उशीखालून दात नेऊन बक्षीस ठेवतो. सासूबाईंना उंदीर मिळाला, चिऊला बक्षीस मिळालं. दाजींनी मात्र बरोबर जागी बोट ठेवलं. "दात गोळा करणारा राहतो मिठाईच्या दुकानात? म्हणजे माल कुठून येणार हे त्याला माहीत आहे." उंदराचा दर किती असावा यावर चिऊने स्वतः वाटाघाटी केल्या. पटाशीच्या दातांना पन्नास. सशाच्या दाढेला, टोपी धरून, पाचशे.

या सगळ्या धामधुमीत सर्वांच्या नजरा समोरच्या फटीवर. एक दिवस ताई रात्री घासून देत असताना थांबली. "अहो, हे काय? सशाच्या मागे आणखी एक कोण आलंय?" दाजी मोबाइलची बॅटरी घेऊन आले. डाव्या बाजूला, शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, एक नवी रुंद दाढ. उजव्या बाजूलाही. सहा वर्षांच्या सुमाराला ही येते. तिच्यासाठी काही पडत नाही, त्यामुळे तिला उंदीर नाही, परी नाही, 'टक्' नाही, ग्रुपवर फोटो नाही. ती मुकाट्याने मागे येऊन उभी राहते आणि घरोघर लोक तिला दुधाचीच समजतात.

दाजींनी नीट निरखून पाहिलं. "असू दे," ते म्हणाले, "पडणारच आहे ना!"

"ही नाही पडणार," ताई म्हणाली. "ही कायमची. हिच्यानंतर दुसरी नाही."

सासूबाई हे ऐकत उभ्या होत्या. त्यांनी कवळी काढली, वाटीत ठेवली, आणि बोट आत घालून नेमकी जागा दाखवली. "माझी पहिली हीच गेली. आठवीत असताना."

चिऊने त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. "मग आजी, तू ती परीला दिलीस की उंदराला?"

"बाजारात दात काढायला बसायचा त्याला," सासूबाई म्हणाल्या. "आणि वर चार आणे."